धनज बु.ची फाईल

हे मी आजवर कोणापाशी काढलेलं नाही. नवऱ्यापाशी नाही, रिसोडला माहेरी आईपाशी नाही — देवापुढे हात जोडले तरी तिथंही मी गुळमुळीत काहीतरी पुटपुटते आणि उठते. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि एक आधीच सांगून ठेवते. ऐकताना 'होतं असं एखाद्या वेळी' म्हणून मान हलवू नका. मला त्या वाक्याची चीड आहे. असं होत नसतं — असं कोणीतरी करतं.

मी कारंज्याला कॉम्प्युटरचे क्लास घेते. सारं गाव मला मॅडम म्हणतं. फळ्यापुढे मी शुद्ध बोलते, पण चिडले की ती मराठी गळून पडते आणि घरची वऱ्हाडी बाहेर येते. इथंही येईल. आणि मी चिडलेली आहे — तीन वर्षांपासून.

मागच्या आठवड्यात क्लासमध्ये पायथनची डिक्शनरी शिकवत होते. डब्यात डबा, त्यात आणखी डबा, असं मी शिकवते. प्रत्येक डब्यावर नावाची पट्टी. तालुक्याच्या डब्यात गावांचे डबे, गावाच्या डब्यात माणसांची यादी. डबा नावानं काढायचा, यादीतला माणूस नंबरानं — आणि नंबर एकापासून नाही, शून्यापासून. इतकी वर्षं शिकवते आहे, झोपेतही सांगेन. तर प्रणाली नावाची एक पोरगी, कधी तोंड न उघडणारी, तिनं हात वर केला. "मॅडम, दोन डब्यांवर एकच पट्टी लागली तं?"

साधा प्रश्न. हुशार प्रश्न. पाठ थोपटायला पाहिजे होती तिची. आणि मी? मी डस्टर टेबलावर आपटलं. "तं दुसरा पहिल्याले खाऊन टाकते! समजलं? खाऊन टाकते, अन् ढेकरही देत नाई!" प्रणालीच्या डोळ्यांत पाणी आलं. कोणालाच कळलं नाही की मॅडम कोणावर ओरडून राह्यली.

मला कळलं होतं. हाच प्रश्न मला आधी एकदा विचारला होता. तेव्हाही मी अशीच खेकसले होते.

तीन वर्षांमागचा हिवाळा. गावातली एक संस्था दरवर्षी मोतीबिंदूचं शिबिर घ्यायची. आधी गावोगाव जाऊन डोळे तपासायचे, ज्यांचं ऑपरेशन करायचं त्यांची नावं काढायची. मग बाहेरगावचे डॉक्टर चार दिवस येऊन बसायचे आणि संस्थेची गाडी गावागावातून म्हाताऱ्यांना घेऊन यायची. हे सगळं तोवर जाड वह्यांत चालायचं. पानं फाटलेली, चहाचे डाग, एकच नाव दोनदा. मी सचिवांना म्हटलं, वह्या बंद करा, मी प्रोग्राम करून देते. मोठ्या तोऱ्यात म्हटलं. नाव विचारा, एका सेकंदात सांगतो — कोणता डोळा, कोणता दिवस, बीपी किती, शुगर किती, भिंगाचा नंबर काय. सचिव खूश. वह्या खरंच बंद झाल्या. लक्षात ठेवा हे — कागदावर काहीही राहिलं नव्हतं, आणि ते माझ्या हट्टापायी.

गावात जाऊन लॅपटॉपवर नावं टाकायचं काम नसीमकडे होतं. नसीम माझीच विद्यार्थिनी. धनज बुद्रुकची, बांगड्यावाल्या मनियारांच्या घरातली. बोटं अशी चालायची तिची की बघत राहावं. प्रत्येक गावाची वेगळी फाईल करायची, थेट पेनड्राइव्हवर, आणि तो मला आणून द्यायची. एक चूक नाही. मला तिचा अभिमान होता — हो, होता, आणि म्हणूनच पुढचं सांगताना स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

आपल्याकडच्या गावांची गंमत तुम्हाला माहीत आहे. एक बुद्रुक, एक खुर्द. एक मोठं, एक लहान. लिहिताना कोणी 'धनज बु.' लिहितं, कोणी 'धनज बुद्रुक', कोणी टिंब देतं, कोणी देत नाही. नसीम एकसारखं लिहायची, पण चौकशीला बसलेले बाकीचे शंभर प्रकारांनी टाईप करायचे आणि दर वेळी प्रोग्राम बोंबलायचा — असं गाव नाही, असं गाव नाही. काखेत कळसा अन् गावाला वळसा. मला राग आला. माझ्या प्रोग्रामची शोभा होते म्हणजे काय! मी एक ओळ टाकली : गावाच्या नावाचा फक्त पहिला शब्द घे, बाकीचा सोडून दे. कारंजा लाडचं नुसतं कारंजा झालं तर कोणाचं काय बिघडतं? सारे कारंजाच म्हणतात. मला तर ती ओळ फार आवडली.

नसीम मागं उभी होती. ती म्हणाली, "मॅडम, मग आमचं बुद्रुक अन् खुर्द एक नाई होणार?"

मी वळूनसुद्धा पाहिलं नाही. म्हटलं, "तू टायपिंग कर. मले नोको शिकवू."

बस. तिनं विचारलं होतं. मला कोणी सांगितलं नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही.

झालं काय ते आता तुम्हालाही दिसलं असेल. दोन्ही गावांची पट्टी 'धनज' झाली. प्रोग्रामनं आधी बुद्रुकची अकरा माणसं डब्यात ठेवली, मग खुर्दची चार आली आणि त्यांनी त्या अकरांना बाहेर ढकललं. लहान गाव मोठ्या गावाला गिळून बसलं. कुठंही घंटी वाजली नाही.

आणि घंटी का वाजली नाही, तेही ऐका, कारण ती माझीच करामत. पायथनमध्ये नाव शोधायच्या दोन रीती आहेत. चौकोनी कंसानं विचारलं आणि नाव नसलं, तर ते बोंब ठोकतं, सगळं काम थांबवतं; माणसाला उठून बघावंच लागतं. दुसरी रीत 'गेट'ची. तिच्यात आधीच शिकवून ठेवता येतं की नाही सापडलं तर काय म्हणायचं. मला बोंब नको होती. चारचौघांत लाल अक्षरं येतात, बरं दिसत नाही. म्हणून मी सगळीकडे गेट लावलं आणि त्याच्या तोंडी छान स्वच्छ उत्तर ठेवलं — 'यादीत नाव नाही'. यंत्र खोटं बोललं नाही हो. मी त्याला पढवलं तेवढंच ते बोललं.

शिबिराच्या पहिल्या दिवशी जुबेदाबी संस्थेच्या ऑफिसात माझ्या टेबलापुढे आली. धनजवरून एसटीनं, एकटी, हातानं खांब चाचपत. नसीमची खाला, म्हणजे आईची बहीण; बाजारात बांगड्या भरायची. तिचा डावा डोळा आधीच गेलेला, उजव्यात मोतीबिंदू पिकत आलेला. फोन आला नाही म्हणून विचारायला आली. मी नाव टाकलं, गाव टाकलं. यादीत नाव नाही. तिनं तपासणीची चिठ्ठी पुढं केली. मी म्हटलं, चिठ्ठी सगळ्यांनाच दिली आहे, ऑपरेशनवाले कॉम्प्युटरमध्ये असतात. ती गेली. दुसऱ्या दिवशी परत आली. "बाई, जरा फिर से देख ना. आज अच्छेसे देख." मी तेच बटन दाबलं, तेच उत्तर वाचून दाखवलं. आवाज चढवून वाचलं — आंधळ्या होत चाललेल्या बाईला ऐकू येत नाही असं आपण का धरून चालतो?

तिसऱ्या दिवशीही आली. दारातल्या पायरीवर बसून राहिली. नसीम ते तीन दिवस दवाखान्यात पेशंटांच्या सोबतीला होती, ती दुपारी जेवायला म्हणून आली आणि खालेला पाहून जागीच थांबली. मला म्हणाली, "मॅडम, खालाचं नाव मी सोता टाकलं. उजवा डोळा. भिंगाचा नंबर पण टाकला." मी काय म्हटलं माहीत आहे? "कॉम्प्युटर चुकत नाही, नसीम. माणूस चुकतो."

खरंच बोलले. फक्त माणूस कोण, ते सांगायचं राहिलं.

नसीम पेशंटांचं जेवण बघायला गेली आणि मी फाईल उघडून पाहिली. दहा मिनिटंही लागली नाहीत. पहिल्या शब्दाची ती ओळ दिसली आणि मी मूळ फाइली उघडल्या. 'धनज बु.' नावाची फाईल जागेवर होती, अकराच्या अकरा नावं, एकेकाचं बीपी, शुगर, डोळा, नंबर, सगळं. दुपारचा एक वाजला होता. डॉक्टर दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत होते. आणि गाडी? ती दारातच उभी होती.

आता मी इथं थांबते, कारण इथंच मी दर वेळी थांबते. आतापर्यंतचं सगळं चूक होतं, कबूल — उर्मट, आळशी चूक, पण चूक. चूक माणसाची होते. मला एक वाक्य बोलायचं होतं: साहेब, माझ्या प्रोग्राममध्ये गडबड झाली, धनज बुद्रुकला गाडी पाठवा. एवढंच. जीव जाणार नव्हता माझा. फार तर हसले असते. म्हणाले असते, पहा, आमच्या वह्याच बऱ्या होत्या.

ते हसणं मला नको होतं. एवढंच कारण. मी खूप खोदून पाहिलं, याखाली दुसरं काही मोठं कारण सापडत नाही.

सचिव आत आले ते तापलेलेच. धनजच्या सरपंचांचा फोन आला होता त्यांना, आमच्या म्हाताऱ्यांना कसं काय विसरले म्हणून. "मॅडम, काय भानगड हाय?" ते मागच्या खुर्चीवर जाऊन बसेपर्यंत, फोनवर सरपंचांना 'थांबा, विचारतो' म्हणेपर्यंत — मी ती फाईल डिलीट केली. रिसायकल बिन रिकामा केला. मला येतं ना ते सगळं, मी शिकवते! आणि मग खुर्ची वळवून, शांत आवाजात म्हटलं, "नसीमनं धनज बुद्रुकची नावं टाकलीच नाहीत."

नाचता येईना, अंगण वाकडं. पण अंगणाला काही वाटत नाही. माणसाला वाटतं.

नसीमला बोलावलं. ती म्हणाली, मॅडमच्या हातात पेनड्राइव्ह दिला. मी म्हटलं, दिला, पण त्यात हे गाव नव्हतं. तो उघडून दाखवा, असं कोणी म्हटलं नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही — एखादं गणित चुकलं की शिक्षकाकडे पाहतात तसं, की मॅडम आता सांगतील कुठं चुकलं. मग तिला समजलं. सचिवांकडे वळून एवढंच म्हणाली, "साब, अपनी खाला का नाम मैं भूलूंगी क्या?"

अरे, विचारा ना! कोणती पोरगी आपल्या सख्ख्या खालेचं नाव गाळते? इतके शहाणे लोक बसले होते त्या खोलीत, एकाच्याही डोक्यात हा प्रश्न काहून नाई आला? कारण एका बाजूला कॉम्प्युटरवाली मॅडम होती आणि दुसऱ्या बाजूला खेड्यातली बांगड्यावाल्याची पोरगी. मला त्यांचाही राग येतो. मग आठवतं की ते फसले आणि फसवलं मी. माझा राग त्यांच्या दारात टाकायचा मला हक्क नाही.

नुसत्या चिठ्ठ्यांवर डॉक्टर ऑपरेशन करत नाहीत. बीपी नाही, शुगर नाही, भिंगाचा नंबर नाही. सगळं पुन्हा तपासायला वेळ नव्हता. धनज बुद्रुकला निरोप गेला — पुढच्या वर्षी पहिला नंबर तुमचा. नसीमचं काम गेलं. गावात बाया म्हणू लागल्या, घरच्या खालेले विसरली ते आमाले काय ध्यानात ठेवणार. कोणी म्हणालं, मुद्दाम केलं. तिनं क्लास सोडला. प्रोग्राम करून दिला म्हणून माझा सत्कार ठरला होता, तो मात्र ठरल्या दिवशी झाला. शाल, श्रीफळ. मी घेतलं.

ती ओळ मी त्याच आठवड्यात दुरुस्त केली. बुद्रुक आणि खुर्द आता वेगळे राहतात. चांगला चालतो प्रोग्राम.

पुढच्या वर्षी जुबेदाबीचं नाव मी यादीत सगळ्यात वर टाकलं, शून्य नंबरावर. गाडीतून उतरताना तिला हात मीच दिला. पुण्य करायला निघाले होते — करून करून भागली अन् देवपूजेला लागली. डॉक्टरांनी बॅटरी मारली, पापणी वर केली, पुन्हा बॅटरी मारली. मग मला बाजूला घेऊन सांगितलं, उशीर झाला. मोतीबिंदू जास्त पिकून आतला दाब वाढला, नस गेली. आता भिंग घालून उपयोग नाही. वेळेवर आणलं असतं तर दिसलं असतं यांना. सहज म्हणाले ते. त्यांना काय माहीत.

जुबेदाबीला मीच बाहेर आणून बाकावर बसवलं. माझा हात तिनं सोडला नव्हता. "नाम तो मिला ना इस बार?" तिनं विचारलं. मी म्हटलं, हो, पहिलंच नाव. ती समाधानानं मान हलवत राहिली. आणि मग तिची बोटं माझ्या मनगटावर फिरली — जन्मभर बायकांचे हात धरलेली बोटं ती. "बाई, हाथ सूना क्यूं है?"

कारण नसीम आता घरच्या बांगड्यांच्या दुकानात बसते, इथंच कारंज्यात मेन रोडला, आणि मी तो रस्ताच सोडला होता. कारण मनियाराच्या दुकानात हात पुढं करून बसावं लागतं आणि हात धरणारी ती असती. सासूबाईंना सांगितलं, किबोर्डवर वाजतात म्हणून घालत नाही. जुबेदाबीलाही तेच सांगितलं. ती हसली. म्हणाली, "हमारी नसीम के पास जा. ऐसी भरेगी, पता भी नहीं चलेगा."

तिला तेव्हा सांगता आलं असतं. बाकावर दुसरं कोणी नव्हतं. मी तिला पाणी आणून दिलं आणि घरी गेले.

आणि तुम्हाला सांगून राह्यली! तुम्हाला सांगायला काय लागतं? धनजची एसटी स्टँडवरून दिवसातून कितीदा तरी सुटते. मेन रोड माझ्या घरापासून पायी पाच मिनिटं आहे. तिथं जायची हिंमत नाही म्हणून इथं अनोळखी माणसांपुढे मोठी खरेपणाची गोष्ट मांडून बसली, पहा ही मॅडम. थू.

प्रणालीवर ओरडले त्या दुपारी, क्लास सुटल्यावर मी ड्रॉवर उघडला. नसीमचा पेनड्राइव्ह तळाशी होता, तिनं दिला तेव्हापासून. एवढं सगळं पुसलं आणि तो कसा राहिला, मला विचारू नका. विसरले म्हणणार नाही, मला रोज माहीत होतं तो तिथं आहे. लावला. 'धनज बु.' फाईल उघडली. अकरा नावं. खालेचं नाव वर असेल असं मला वाटलं होतं, आपण लावलं असतं तसं. वर नव्हतं. वर दहा माणसं गावातली, कोणाकोणापुढे टीप — 'शुगर जास्त, आधी घ्यावे', 'घरी कोणी नाही, आधी घ्यावे'. आपल्या माणसाला पुढे घुसवलं असं कोणी म्हणू नये म्हणून नसीमनं खालेला सगळ्यांच्या शेवटी टाकलं होतं, आणि तिच्यापुढे 'आधी घ्यावे' लिहिलं नव्हतं. फक्त 'दुसरा डोळा नाही', इतकंच.

मी गेट लावलं नाही. कंसानंच विचारलं. कारंजा, धनज बु., दहा — शून्यापासून मोजलं की अकरावा माणूस दहावर येतो. काही बोंब झाली नाही. जुबेदाबी. उजवा. नसीमनं तिचं नाव लिहिलं होतं.